उंच मुलाला नुसते बास्केटखाली उभे करू नका

शाळेच्या बास्केटबॉल संघात फॉरवर्ड कोण होतो? बहुतेक ठिकाणी वर्गातला सर्वांत उंच मुलगा. त्याला बास्केटखाली उभे करायचे, हात वर ठेवायला सांगायचे आणि आंतरशालेय सामने जिंकायचे. चौदाव्या वर्षी हे चालून जाते. पण लवकर उंच झालेल्या पुष्कळ मुलांची वाढ पंधरा-सोळाला थांबते आणि मागे राहिलेले मित्र त्यांना गाठतात. मग लक्षात येते की याला धड ड्रिबल येत नाही आणि लांबून शॉटही मारता येत नाही. कॉलेजच्या निवडीत तो बाहेर राहतो आणि घरी म्हटले जाते, नशिबात नव्हते. आम्ही शिक्षक आहोत म्हणून स्पष्ट सांगतो, यात नशिबाचा भाग थोडा आहे. त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

फॉरवर्डला बास्केटजवळही खेळावे लागते आणि बाहेरूनही. एक बाजू कच्ची असली की समोरचा संघ तिथेच पकडतो. अमेरिकेच्या लेब्रॉन जेम्सचे २०११ साली हेच झाले. उंची ६ फूट ८ इंच, त्या काळातला अव्वल फॉरवर्ड, हंगामात दर सामन्याला सरासरी २६.७ गुण. पण डॅलसविरुद्धच्या अंतिम फेरीत सरासरी १७.८ वर आली आणि मायामी संघ हरला. त्याच्यापेक्षा बरेच बुटके खेळाडू समोर असतानाही तो बास्केटकडे पाठ करून आत घुसत नव्हता. ते त्याला नीट येत नव्हते.

त्या उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला हकीम ओलाजुवन यांच्याकडे शिकायला गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये रमजानचे रोजे ठेवून खेळत असतानाच महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले ओलाजुवन आपल्या घरांत अनेकांना माहीत असतील. ते लागोसचे. लहानपणी हँडबॉल खेळायचे, फुटबॉलमध्ये गोलकीपर होते. बास्केटबॉल हातात आला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास. त्यांच्या पायांतली चपळाई फुटबॉलमधून आलेली. पुढच्या हंगामात लेब्रॉनचे लांबचे प्रयत्न सामन्याला ३.५ वरून २.४ वर आले, शॉट बसण्याचे प्रमाण ५१ वरून ५३ टक्क्यांवर गेले आणि २०१२ साली मायामी विजेता झाला. सगळे श्रेय एका उन्हाळ्याला देता येणार नाही. पण जगातला सर्वोत्तम खेळाडू सव्विसाव्या वर्षी आपली कच्ची बाजू घेऊन दुसऱ्याच्या दारात गेला, हे आमच्या दृष्टीने मोठे आहे.

पायांचे हे काम गच्चीवरही शिकता येते. चेंडू घेताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकावेत, म्हणजे कोणताही एक पाय रोवून त्यावर फिरता येते. एकच पाय आधी टेकला तर तोच रोवलेला राहतो आणि निवड संपते. पाठीमागचा खेळाडू उजव्या खांद्याला रेटत असेल तर डावा पाय मागे बास्केटकडे टाकून वळायचे. तो डावीकडे असेल तर उलट. मध्येच डोके आणि चेंडू वर उचलून शॉटचा नुसता भास द्यायचा. तो उडाला की आपली वाट मोकळी. हे आधी चेंडूशिवाय, सावकाश करावे. मुलांना याचा कंटाळा येतो. येऊ द्यावा.

शॉटबद्दल कावाय लिओनार्डचे उदाहरण पुरेसे आहे. कॉलेजात त्याचे तीन गुणांचे शॉट २५ टक्केच बसत. २०११ मध्ये तो सॅन अँटोनियो संघात आला. चेंडू डोक्यावरून फार मागे नेण्याची त्याची सवय प्रशिक्षक चिप एंजेलंड यांनी बदलून हात पुढे आणला. पहिल्याच हंगामात प्रमाण ३७ टक्क्यांवर गेले आणि २०१४ साली, बाविसाव्या वर्षी, तो अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपली मुले नेमकी उलट वाटेने जातात. पहिल्या दिवसापासून ६.७५ मीटरच्या रेषेवरून चेंडू भिरकावतात, ताकद पुरत नाही म्हणून खांद्यामागून फेकतात आणि तीच सवय हाडात बसते. रिंगपासून चार पावलांवर उभे राहून दहापैकी आठ बसू लागले की एक पाऊल मागे, एवढाच नियम ठेवावा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा सात नंबरचा चेंडू देऊ नये. पाच नंबरचा मिळतो.

अस्र आणि मगरिबच्या मधला वेळ मैदानासाठी बरा. चेंडू परत द्यायला आणि आकडा वहीत लिहायला घरातले कोणीतरी सोबत असावे. बहीण असेल तर उत्तम, तिलाही अधूनमधून शॉट मारू द्यावेत. दहावीच्या वर्षी अब्बा-अम्मींना अभ्यासाची काळजी असते, ती रास्तच आहे. त्या वर्षी बाहेरगावचे सामने सोडावेत, पण गच्चीवरचा अर्धा तास चालू ठेवावा.