चोरीचा माल कानावाटे

२३ सप्टेंबर २००८. न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद व्हायला काही मिनिटेच उरली होती. वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडून ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक स्वीकारण्यास गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळाने नुकतीच मान्यता दिली होती. बैठक संपताच संचालक रजत गुप्ता यांनी फंडचालक राज राजरत्नम यांना दूरध्वनी केला आणि बाजार बंद होण्याआधीच राजरत्नम यांच्या फंडाने गोल्डमनचे शेअर विकत घेतले. बातमी जगाला कळली ती त्यानंतर. त्या माहितीवर गुप्ता यांनी स्वतः सौदा केला नव्हता. तरीही २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन वर्षांचा कारावास आणि ५० लाख डॉलरचा दंड ठोठावला.

यात नुकसान कोणाचे झाले? त्या अखेरच्या मिनिटांत ज्यांनी शेअर विकले, त्यांचे. तेजी-मंदीचा अंदाज चुकणे हा व्यापाराचा भाग आहे. परंतु उद्याचा भाव एकालाच ठाऊक असेल, तर समोरच्याला अंदाज बांधण्याची संधीच उरत नाही.

आपल्याकडील सेबीचे २०१५ चे नियमही याच तत्त्वावर उभे आहेत. भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती हाती असताना सौदा करण्यास मनाई आहे. तशीच ती रास्त कारणाशिवाय दुसऱ्यास सांगण्यासही आहे. कंपनीशी संबंधित व्यक्तीचे निकटचे नातलगही या नियमांच्या कक्षेत येतात. दंड किमान १० लाख रुपये. कमाल २५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी अधिक असेल ती रक्कम.

व्यापारी कुटुंबांत कोणी संचालक असतो, कोणी लेखापरीक्षक, कोणी दलाल. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी आपुलकीने सांगतो, “निकाल उत्तम येणार आहे, थोडे शेअर घेऊन ठेवा.” ऐकणाऱ्याला तो जिव्हाळा वाटतो. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत मात्र खोट्या वजनमापांच्या जोडीला ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेला माल घेणे, हाही दोष गणलेला आहे. कंपनीची बातमी सर्व भागधारकांची ठेव असते. ती वेळेआधी बाहेर नेणारा एक दोषी, तर तिच्यावर नफा कमावणारा दुसरा.

पेढीवरचा तराजू गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहू शकत असे. संगणकाच्या पडद्यापलीकडचा विक्रेता आपल्याला दिसत नाही, म्हणून तेथे विवेक अधिक जागा हवा. जी गोष्ट त्याच्या समोर बसून सांगण्याचे धैर्य नाही, तिच्या बळावर त्याचा माल घेऊ नये.