१९५७ : काँग्रेसने पुणे गमावले, राज्य राखले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती भाषकांचे विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य लादले गेले आणि काही महिन्यांतच, १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मतदारांना त्यावर कौल देण्याची संधी मिळाली. मराठी भाषकांचे वेगळे राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना पुण्यातच, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी टिळक स्मारक मंदिरातल्या सभेत झाली होती. कम्युनिस्ट नेते डांगे अध्यक्ष, एस. एम. जोशी सरचिटणीस. एसेम शुक्रवार पेठेतून विधानसभेवर गेले. लोकसभेला पुण्यातून समितीचेच नानासाहेब गोरे निवडून आले, तेच गोरे ज्यांनी १९५५ च्या मे महिन्यात गोव्यात सत्याग्रहींची तुकडी नेऊन तुरुंगवास पत्करला. त्यांनी हरवले काकासाहेब गाडगीळांना. स्वतः काकासाहेबांनी संसदेत संयुक्त महाराष्ट्राची बाजू हिरिरीने मांडली होती. पण उभे राहिले काँग्रेसतर्फे, आणि पुणेकरांनी माणसापेक्षा प्रश्न मोठा मानला. तो निर्णय योग्यच होता.

विधानसभेच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४, प्रजा समाजवादी पक्षाला ३६, शेतकरी कामगार पक्षाला ३१, कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला प्रत्येकी १३. निकालाच्या तक्त्यात ‘समिती’ हे नाव शोधू नका. घटक पक्ष आपापल्या नावाने लढले, आचार्य अत्र्यांसारखे काही अपक्ष म्हणून. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, पण गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याने तिला तारले. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून अगदी थोडक्यात वाचले. द्वैभाषिक त्यानंतर जेमतेम तीन वर्षे टिकले.