सासूबाईंची नथ आणि बहरीनचे मोती

परदेशच्या प्रवासात मध्येच विमान बदलायचं असलं, की आपण बायका आधी एकच विचार करतो : एवढे तास बाकड्यावर बसून काढायचे कसे? मैत्रिणींनो, गेल्या वर्षी लंडनहून वन्संकडून परतताना आमच्यावर हीच वेळ आली. बहरीनला तब्बल दहा तासांचा मुक्काम! ह्यांनी व्हिसाची चौकशी आधीच करून ठेवली होती. म्हणाले, "गाव बघून येऊ." सासूबाई मात्र बसल्या जागेवरून हलेनात.

"मुसलमानी मुलूख. आपल्याला बुरखा घ्यायला लावतील. शिवाय माझ्याजवळ नथ आहे."

ही नथ म्हणजे आमच्या घरातलं मोठं प्रकरण, बरं का! बसरा मोत्यांची, सासूबाईंच्या आईची. मामंजींच्या आजारपणात ती गहाण पडली, आणि सोडवायला सहा वर्षं लागली. वन्संच्या मुलीच्या मुंजीला म्हणा, बारशाला म्हणा, ती नेलीच पाहिजे आणि परत आणताना कमरेच्या पिशवीतच राहिली पाहिजे. शेवटी त्या निघाल्या, पण एक हात पिशवीवर ठेवूनच.

बहरीन हा बेटांचा देश, आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान म्हणाना! विमानतळ मुहर्रक बेटावर आहे आणि पूल ओलांडला की राजधानी मनामा. बुरख्याची भीती तर पहिल्या अर्ध्या तासातच गेली. रस्त्यात साडीतल्या बायका, पंजाबी ड्रेसमधल्या मुली, मल्याळी दुकानदार. मनामात 'बाब अल् बहरीन' नावाची पांढरी कमान आहे. तिच्यामागे जुना बाजार. मसाले, कापड, सोनं सगळं दाटीवाटीनं मांडलेलं. त्याच गल्ल्यांत श्रीनाथजींचं देऊळ आहे. सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या व्यापाऱ्यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ते बांधलं. सासूबाईंनी हात जोडले आणि पिशवीवरचा हात पहिल्यांदा सुटला.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एके काळी इथे आपलाच रुपया चालायचा. 1959 साली रिझर्व्ह बँकेनं आखाती देशांसाठी वेगळा रुपया काढला. बहरीननं स्वतःचा दिनार सुरू केला तो 1965 साली. एका दिनाराचे हजार फिल्स होतात. हिशेब करताना जपा हं, आपल्याला शंभराची सवय!

दुपारी अल् फातेह मशीद पाहिली. ती 1988 साली खुली झाली आणि सात हजार माणसं एका वेळी नमाज पढू शकतात. आत जाताना बायकांना अंगभर काळा झगा आणि डोक्याला रुमाल तिथेच देतात. झगा चढवताना सासूबाईंनाच हसू आलं. शुक्रवारी मात्र पाहुण्यांना मशीद बंद असते.

पण आम्हांला खरं बहरीन दिसलं ते परतीच्या वाटेवर, मुहर्रकच्या गल्लीबोळांत. तिथे मोत्यांच्या धंद्याची जुनी घरं, वखारी सुमारे साडेतीन किलोमीटरच्या वाटेवर जपली आहेत. 2012 साली त्यांची जागतिक वारशात नोंद झाली. तिथल्या एका बाईंनी समजावून सांगितलं. उन्हाळ्याचे चार महिने गलबतं समुद्रात. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर. एका दमात खाली जायचं, शिंपले टोपलीत भरायचे आणि दोर हलवला की वरच्यानं ओढून घ्यायचं. दिवसातून कितीतरी वेळा! गलबताचा म्होरक्या तो 'नाखुदा'. आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' तोच की! घरी राहिलेल्या बायका मोसमाच्या शेवटी किनाऱ्यावर जमून समुद्राला आपली माणसं परत मागत. नारळी पौर्णिमेची आठवण झाल्याशिवाय कशी राहील?

ह्या आखातातले मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत आणि आपल्याकडे बसरा मोती म्हणून नथीत, कुड्यांत जाऊन बसत. आणि पाणबुड्याच्या हाती काय? मोसमाआधी घर चालवायला उचल घ्यायची, ती मोसम संपला तरी फिटायची नाही. बाप गेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर, आणि ते फेडायला मुलगाही त्याच पाण्यात. 1920 नंतर सुधारणा झाल्या. पुढे जपानचे कृत्रिम पैदाशीचे मोती आले, धंदा बसला, आणि 1932 साली इथे तेल लागलं.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग पिशवीतून डबी काढून त्यांनी नथ त्या बाईंच्या हातावर ठेवली. विमानात घट्ट धरलेली नथ, परक्या बाईच्या हातावर! बाईंनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

गाडीत सासूबाई मला म्हणाल्या, "मी समजत होते, आपणच ही गहाण टाकली. हिचे मोती तर पाण्यातून वर यायच्या आधीच गहाण होते गं. कुणाच्या तरी मुलानं सोडवले." थोड्या वेळानं डबी माझ्या पर्समध्ये सरकवून म्हणाल्या, "आता तू सांभाळ. पण कुठून आली, ते मुलीला सांगत जा."

तेव्हा मैत्रिणींनो, मुक्काम सहा तासांहून जास्त असेल तर बाहेर पडाच. व्हिसाचे नियम निघण्यापूर्वी विचारा. अंगभर सुती कपडे घाला, पाण्याची बाटली ठेवा, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि विमानाच्या तीन तास आधी परत या. घरी नेण्यासाठी केशर-तुपाचा बहरीनी हलवा घ्या, चांगला टिकतो.

आणि घरी एखादी जुनी नथ असेल, तर एकदा उजेडात धरून नीट बघा.