कमरेतली सुई आणि कपाळातली सुई

डोक्याला रुमाल आवळून, उजेडाकडे पाठ करून दवाखान्यात बसलेली बाई डॉक्टरांना बहुतेक वेळा एवढंच सांगते, "पित्त लई चढलंय, एक सुई मारा." माजलगावात काय किंवा बीडमध्ये काय, हे वाक्य सारखंच. त्यात दोन समज आहेत. एक साफ चुकीचा, दुसरा अर्धा खरा.

पित्ताचा निकाल आधी लावू. अर्धशिशीत मळमळतं, उलटी होते आणि उलटीनंतर बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं. म्हणून पित्त पडलं आणि मोकळं झालं, असा हिशेब बसतो. वास्तविक उलटी हा त्याच झटक्याचा भाग आहे. डोक्यातल्या वेदना वाहणाऱ्या नसा चेतवल्या जातात, सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि त्याच वेळी पोटाचं कामही मंदावतं. आम्लपित्ताच्या गोळीने हे थांबत नाही. उपाशी राहिल्याने, जागरणाने किंवा उन्हाने झटका येतो, हा लोकांचा अनुभव मात्र खरा आहे. चतुर्थी दर वेळी डोक्यावर येत असेल, तर उपास सोडावा. देव रागावणार नाही.

आता सुई. "गोळीपेक्षा सुईत ताकद जास्त" हे म्हणणं झटक्याच्या वेळी पुष्कळदा खरं ठरतं. पोट मंदावल्यामुळे गोळी नीट शोषली जात नाही, आणि उलटी झाली तर ती बाहेरच पडते. सुमाट्रिप्टानचं त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन १०-१५ मिनिटांत काम करू लागतं. हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा काबूत नसलेला रक्तदाब असेल, तर ते द्यायचं नसतं. कमरेत टोचली जाते ती बहुधा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाची सुई. तिने आजचं दुखणं थांबतं. पुढच्या आठवड्यातल्या झटक्याशी तिचा काही संबंध नाही.

खरा घोटाळा इथून सुरू होतो. महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस साधी वेदनाशामकं, किंवा १० दिवस मिश्र गोळ्या आणि ट्रिप्टान, असं तीन महिन्यांवर चाललं तर औषधच डोकेदुखी वाढवू लागतं. किराणा दुकानात सुटी मिळणारी कॅफीनवाली गोळीही मिश्र गोळीतच मोजायची. "गोळी घेतली नाही की डोकं जास्त दुखतं, म्हणजे मला गोळी लागतेच," असं पेशंट म्हणतो, तेव्हा तो नकळत याच आजाराचं वर्णन करत असतो. "डोक्याचा फोटो काढला, काही निघालं नाही" यानेही माणूस गोंधळतो. अर्धशिशी सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. तिचं निदान हकिकत ऐकूनच होतं. आणि ती दुर्मीळ मुळीच नाही. शेजारच्या कर्नाटकातल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात सुमारे २५ टक्के प्रौढांना अर्धशिशी झाल्याचं आढळलं.

कपाळातली सुई वेगळी. तिचं नाव बोटॉक्स, आणि नाव ऐकताच दोन प्रश्न येतात: ते सुरकुत्यांचं ना? आणि ते विष ना? दोन्हींचं उत्तर हो. सुरकुत्यांसाठी ते घेणाऱ्यांचीच डोकेदुखी कमी झाल्याचं १९९० च्या दशकात अमेरिकेत एका सर्जनच्या लक्षात आलं. पुढे १,३८४ रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि २०१० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने जुनाट अर्धशिशीसाठी त्याला मंजुरी दिली. जीवाणूपासून मिळणारं हे विष इथे अतिसूक्ष्म मात्रेत वापरतात: एकूण १५५ युनिट, ३१ ठिकाणी, कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे. सुई मेंदूत जात नाही, स्नायूतच थांबते. मान दुखू शकते, क्वचित पापणी खाली येते; ती काही आठवड्यांत पूर्ववत होते. गरोदरपणात मात्र हे टाळतात.

गुण किती? त्या चाचण्यांमध्ये महिन्याला सुमारे २० दिवस डोकं दुखणाऱ्यांचे सरासरी ८.४ दिवस कमी झाले. नुसत्या पाण्यासारखी सुई टोचलेल्यांचेही ६.६ कमी झाले. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. "एकदा घेतली की कायमची सुटका" हा समज तर सोडूनच द्यावा. असर बारा आठवडे टिकतो, पुन्हा घ्यावी लागते. दोन-तीन फेऱ्यांनंतरच लागू पडली की नाही ते ठरतं. महिन्यात चार-पाच वेळा दुखणाऱ्याला तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. जुनाट अर्धशिशी म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, आणि त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीचे. सीजीआरपीलाच अडवणारी नवी इंजेक्शनं २०१८ पासून आली आहेत. त्यांतली काही पेशंट महिन्यातून एकदा घरीच टोचून घेऊ शकतो.

ही दोन्ही औषधं महाग आहेत, म्हणून माझ्या मते क्रम उलटा लावू नये. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलीन यांसारख्या रोजच्या गोळ्या जुन्या आणि स्वस्त आहेत. त्या सुरू करायला मोठ्या शहरातला न्यूरॉलॉजिस्टच हवा असं नाही, चांगला फिजिशियनही चालतो. दमा असलेल्यांनी प्रोप्रानोलॉलपूर्वी तसं सांगावं. अमिट्रिप्टिलीनच्या चिठ्ठीवर दुकानदार "ही डिप्रेशनची गोळी आहे" म्हणाला, तर घाबरून सोडू नये. अर्धशिशीसाठी ती छोट्या डोसात देतात. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठवड्यात सोडलेली गोळी "लागू पडली नाही" म्हणता येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण निराळी. दिवाळीच्या आसपास टोळी निघते आणि मुक्काम कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे हलतो. पहाटेची तोड, ऊन, लांबलेलं जेवण, म्हणजे झटक्याची सगळी कारणं एकाच दिवशी. निघण्याआधी डॉक्टरांकडून दोन महिन्यांच्या रोजच्या गोळ्या लिहून घ्याव्यात आणि डोकं दुखलेला दिवस व घेतलेली गोळी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, तापात मान आखडली, एक हात लुळा पडला किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली, तर तिथे ना कमरेतली सुई ना कपाळातली. जवळचं मोठं रुग्णालय गाठावं, फड असो की गाव.