उडी, उतरण आणि गुडघा

जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीचे हाड जिथे सुरू होते तिथे बोट दाबले की कळ येते. घरचे म्हणतात, ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल.’ क्लासमध्ये सांगतात, ‘पट्टा बांध आणि सराव सुरू ठेव.’ दोघांचाही हेतू चांगला असतो, पण निदान मात्र कुणीच केलेले नसते.

ज्याला खरोखर वाढीचे दुखणे म्हणतात, ते रात्री येते. पोटऱ्या किंवा मांड्या ठणकतात, बहुतेक वेळा दोन्ही पायांच्या. आईने तेल चोळले की मूल झोपते आणि सकाळी उड्या मारत शाळेत जाते. बोटाने दाखवता येईल असा एक बिंदू त्यात नसतो. वर सांगितलेली कळ वेगळी आहे. ती पळताना, जिना चढताना, उडीनंतर येते आणि नेमक्या एका जागी येते. तिला ऑसगुड-श्लॅटर असे नाव आहे. बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर यांनी 1903 साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे तिचे वर्णन केले.

आत घडते ते असे. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीला धरून, तिच्याखालच्या जाड दोरीसारख्या बंधाने नडगीला जोडलेला असतो. मोठ्या माणसात ही दोरी पक्क्या हाडाला बांधलेली असते. वाढत्या मुलात ती जागा अजून कूर्चेची असते, म्हणजे मऊ. त्यातच उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागे पडतात, त्यामुळे दोरी आधीच ताणलेली असते. अशा वेळी रोज उड्या मारल्या की ती आपल्या कच्च्या खुंटीलाच ओढत राहते. खुंटी सुजते आणि तिथे टेंगूळ येते. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा एक-दोन वर्षे आधी येतो, आणि जिम्नॅस्टिक्समध्ये नेमका तोच कठीण कसरती शिकवण्याचा काळ मानला जातो.

पुण्यात ही गोष्ट जरा जास्तच लक्षात घ्यायला हवी, कारण या शहरात शरीर कमावण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला असे आपण मानतो. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापले. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले. या परंपरेने खूप दिले, पण तिच्याबरोबर एक समजूतही आली: दुखणे अंगात मुरवायचे असते. उशिरा आलेल्याला शिक्षा म्हणून शंभर उठाबशा काढायला लावणारे शिक्षक आजही आहेत. ज्याची ती खुंटी सुजली आहे, त्याच्यासाठी याहून वाईट शिक्षा शोधून सापडणार नाही.

पण खरा मुद्दा उतरण्याचा आहे. तीस किलोच्या मुलीचे शरीर दोन मीटरवरून खाली आले असे धरू. पाय टेकताना तिचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास असतो. मग थांबायचे किती अंतरात? पाय मुडपत आणि मॅट दबत मिळून शरीर आणखी चाळीस सेंटीमीटर खाली गेले, तर दोन्ही पायांवर मिळून सरासरी एकशे ऐंशी किलोचा भार येतो. ते अंतर दहाच सेंटीमीटर असेल तर हाच आकडा सहाशे तीस होतो. ही सरासरी झाली. टेकण्याच्या पहिल्या क्षणी भार त्याहून चढतो. शहाबादी फरशीवर पातळ सतरंजीवजा मॅट टाकून उड्या घेणाऱ्या शाळांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. जुन्या तालमींत तरी पडणाऱ्यासाठी हौद्यातली लाल माती ताक-तेल घालून मऊ केलेली असे.

म्हणजे जास्त वाकावे, असे कुणी म्हणेल. तेवढ्याने भागत नाही. धड ताठ ठेवून केवळ गुडघे वाकवले तर सगळी ओढ पुन्हा त्याच दोरीवर येते. कंबर मागे नेत आणि घोटे वाकवत उतरले की भार नितंबांच्या मोठ्या स्नायूंना वाटला जातो. उतरताना गुडघे आत एकमेकांकडे झुकत नाहीत ना, हेही पाहावे लागते. मुलींमध्ये ही खोड जास्त आढळते आणि गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध तुटण्याचा धोका तिच्यामुळे वाढतो.

इथे नियमपुस्तिका आडवी येते. उतरताना लहान पाऊल सरकले तर 0.10 गुण जातात, मोठे सरकले तर 0.30, पडल्यास पूर्ण 1 गुण. फार खोल बसकण मारली तरी गुण कापतात. थोडक्यात, गुडघ्याला जे मानवते ते परीक्षकांना मानवत नाही. दीपा कर्माकरची रिओची प्रोदुनोव्हा आठवा. 2016 चा ऑगस्ट होता. उतरताना ती जवळपास मॅटवर बसलीच होती. तिला 15.066 गुण मिळाले आणि कांस्यपदक 0.150 ने हुकले. पुढच्याच वर्षी तिच्या गुडघ्याच्या अस्थिबंधावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. 2018 मध्ये तिने मर्सिनला सुवर्णपदक मिळवले आणि काही आठवड्यांतच जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गुडघ्याने पुन्हा दगा दिला. अमुक उडीमुळेच अस्थिबंध तुटला असे सांगता येत नाही. पण त्या उडीपर्यंत पोचायला सरावात किती वेळा उतरावे लागले असेल, याचा विचार आपण टाळ्या वाजवताना करत नाही.

मल्लखांबाचे गणित थोडे निराळे आहे. तिथे गुडघ्याला धक्क्यापेक्षा पकड आणि पीळ सोसावा लागतो. अढी घालताना एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडाला मांड्या आणि पाय आवळून धरतात, त्यामुळे गुडघ्याच्या आतल्या आणि मागच्या बाजूला ताण येतो. मात्र शेवटची उडी तिथेही आहेच, आणि खांब अडीच मीटरांहून थोडा उंच असतो.

उपाय फारसे गूढ नाहीत. दुखत असलेल्या मुलाला घरी बसवण्याची सहसा गरज पडत नाही. उड्या कमी करून हातांवरच्या कसरती, लवचीकता आणि मांडीच्या स्नायूंचे ताण चालू ठेवता येतात. सरावानंतर बर्फ लावावा. मला सर्वांत उपयोगी वाटते ती एक साधी वही: आज कठीण जमिनीवर किती वेळा उतरलो आणि फोमच्या खड्ड्यात किती वेळा. क्रिकेटमध्ये कोवळ्या गोलंदाजाची षटके मोजायला आपण शिकलो, मग उड्या मोजायला हरकत कोणती? दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करावी. ती भराभर वर सरकू लागली की काही महिने वहीतला आकडा उतरवावा.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नये. गुडघा भरून येणे, मध्येच अडकणे, लंगडणे, ताप असणे, रात्री एकाच गुडघ्याच्या ठणक्याने जाग येणे, यांपैकी काहीही असले तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. मूल गुडघा दाखवते आणि दोष खुब्याच्या सांध्यात निघतो, असेही घडते. म्हणून गुडघा तपासताना डॉक्टरांनी खुबाही फिरवून पाहिला पाहिजे, आणि त्यांनी तो पाहिला नाही तर पालकांनी विचारायला संकोचू नये.

बहुतेकांची कळ वाढ पुरी झाली की थांबते. टेंगूळ राहते. चाळिशीतले किती तरी जुने खेळाडू वज्रासनात बसताना गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवतात, तो त्यासाठीच.