घोड्याचा पहिला फर्लांग



मुलांच्या गणिताच्या पुस्तकांत घोडा नेहमीं एकाच वेगानें धावत असतो. ‘ताशीं ६० किलोमीटर वेगानें धावणारा घोडा २०० मीटर अंतर किती वेळांत तोडील?’ असें उदाहरण मीं एकदां वर्गांत घातलें. बारा सेकंद, हें उत्तर मुलांनीं झटकन् दिलें. परंतु मागच्या बांकावरील एका मुलानें विचारिलें, ‘गुरुजी, सुटतांना तो घोडा उभाच होता ना? मग पहिल्या क्षणापासून साठ कसा?’ ‘गणितांत तसें धरावयाचें असतें,’ असें सांगून मीं त्यास खालीं बसविलें. प्रश्न त्याचा बरोबर होता. अपुरें होतें तें माझें उत्तर. तें आज पुरें करावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

मुंबईस महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर ज्यांनीं शर्यत पाहिली असेल, त्यांस फाटक उघडतांच घोडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात असें वाटलें असेल. तो भास होय. सरळ मैदानावर आंखूड पल्ल्याची शर्यत असली, तर उभ्या घोड्यास पहिला फर्लांग, म्हणजे सुमारें २०१ मीटर, तोडण्यास साधारणपणें साडेतेरा सेकंद लागतात. दुसरा फर्लांग तोच घोडा अकरा सेकंदांत तोडतो. हा दुसऱ्या फर्लांगाचा वेग ताशीं ६६ किलोमीटर भरतो. अर्थात् उभ्यानें निघाल्यामुळें घोड्याचे अडीच सेकंद खर्ची पडले.

या अडीच सेकंदांवरून वेग घेण्यास किती काळ लागला, हें काढतां येतें. वेग अगदीं सारखा वाढत गेला असें मानिलें, तर तेवढ्या काळांत घोडा पूर्ण वेगाच्या निम्मेंच अंतर तोडतो. म्हणजे खर्च झालेल्या वेळाच्या दुप्पट, पांच सेकंद, हा काळ होय. पण वेग सारखा वाढत नाहीं. आरंभीं तो भराभर वाढतो व पुढें त्याची वाढ मंदावते. हें ध्यानांत घेतां सात-आठ सेकंद आणि सुमारें शंभर मीटर, हा हिशेब सत्यास अधिक जवळचा आहे. मनुष्याचेंही असेंच आहे. २००९ सालीं बर्लिन येथें उसेन बोल्टनें १०० मीटर अंतर ९·५८ सेकंदांत तोडलें, तेव्हां त्याचा परम वेग ६० ते ८० मीटरांच्या टप्प्यांत दिसून आला.

वाढ मंदावते कां? स्वारासह घोड्यास ताशीं ६६ किलोमीटर वेग देण्यास जेवढें कार्य लागतें, तेवढ्यांत त्या दोघांस सतरा मीटर उंच, म्हणजे पांच मजली इमारतीच्या माथ्यावर, नेऊन ठेवतां येईल. निम्म्या वेगास मात्र त्याच्या चौथाई कार्य पुरतें. उरलेला निम्मा वेग मिळविण्यास तीन चतुर्थांश कष्ट उपसावे लागतात! वाफेच्या यंत्राची ताकद मोजण्याकरितां जेम्स वॉटनें अश्वशक्तीचें माप रूढ केलें; तें दिवसभर राबणाऱ्या घोड्यावरून बसविलेलें होतें. आपला शर्यतीचा घोडा या सात-आठ सेकंदांत सुमारें पंधरा अश्वशक्ति खर्च करितो.

मग अगदीं पहिल्या एक-दोन झेपांत तो याहून जोर कां करीत नाहीं? २००९ सालीं इंग्लंडमधील संशोधकांनीं पोलोचे घोडे व ग्रेहाउंड कुत्रे यांची धाव मोजून याचें उत्तर दिलें. वेग कमी असतां अडचण स्नायूंची नसते, तोलाची असते. मागच्या पायांनीं फाजील रेटा दिला, तर पुढचें अंग उचललें जाऊन जनावर मागें कलंडूं पाहतें. वेग वाढल्यावर हें भय सरतें आणि मग स्नायूंची ताकद आडवी येते. फाटकांतून निघतांना स्वार घोड्याच्या मानेवर पुढें झुकतो, तो याच तोलासाठीं.

विक्रमांचे आंकडे वाचतांनाही हें स्मरणांत ठेवावें. २००८ सालीं अमेरिकेंत पेन नॅशनल मैदानावर ‘विनिंग ब्रू’ या दोन वर्षांच्या घोडीनें दोन फर्लांग २०·५७ सेकंदांत तोडले. म्हणजे सरासरी ताशीं सुमारें ७० किलोमीटर! परंतु अमेरिकन मैदानांवर घड्याळ फाटकाशीं सुरू होत नाहीं. घोडे कांहीं अंतर धावून आल्यावर सुरू होतें. आरंभींची ती महाग धाव हिशेबांत पुरती आलेलीच नसते.

आणि सुटण्यांतील घाई म्हणजे जय नव्हे. १९७३ च्या केंटकी डर्बींत ‘सेक्रेटॅरिएट’ हा घोडा फाटकांतून सर्वांच्या मागून निघाला. सव्वा मैलाचे त्याचे पांच पाव मैल अनुक्रमें २५·२, २४, २३·८, २३·४ व २३ सेकंदांत झाले. प्रत्येक टप्पा आधींच्याहून जलद! इतर घोडे थकत गेले आणि हा वाढत गेला. जी शक्ति प्रथमच उधळली, ती शेवटच्या फर्लांगांत उसनी मिळत नाहीं.

माझा तो विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. कदाचित् तो हें ऐकत असेल. त्यास इतकेंच सांगावयाचें आहे: बाळ, घोडा उभाच होता. बारा सेकंद हें पुस्तकाचें उत्तर, घोड्याचें नव्हे. आणि त्या दिवशीं खालीं बसावयास हवें होतें तें मीं.