भाजलेल्या हाताचा पगार

9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. त्यात अग्निशमन दलाचे दोन अधिकारी जागीच गेले आणि आणखी दोघांनी पुढे रुग्णालयात प्राण सोडले. अशा वेळी मानवंदना होते, मदत जाहीर होते, आणि ते योग्यच आहे. पण जो वाचतो, भाजलेले हात घेऊन घरी येतो, त्याचं प्रकरण आस्थापना शाखेच्या टेबलावर जातं: रजा कोणती धरायची, पगार किती काढायचा? याचं उत्तर जखम बघून ठरायला हवं. आपल्याकडे ते नेमणुकीचा कागद बघून ठरतं.

सातव्या वेतन आयोगानंतर, 2017 मध्ये केंद्र सरकारने कामावरच्या आजार-दुखापतीसाठी एकच रजा केली. इस्पितळात असेपर्यंत सर्वांना पूर्ण वेतन आणि भत्ते. तिथून सुटल्यावर मुलकी कर्मचाऱ्याला सहा महिने पूर्ण, पुढचे बारा महिने अर्धं वेतन. सीआरपीएफ, बीएसएफच्या जवानाला मात्र मुदतच नाही. हा नियम सर्वांत शहाणा, कारण डिस्चार्ज मिळाला म्हणून मणका बरा होत नाही. कंत्राटी माणसाची गोष्ट वेगळी. वेतन 21,000 रुपयांच्या आत असेल आणि ठेकेदाराने ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, खरोखरच भरला असेल, तर त्याला मजुरीच्या 90 टक्के मिळतात. त्याबाहेरच्यांसाठी 1923 च्या भरपाई कायद्याने घालून दिलेलं प्रमाण अर्ध्या वेतनाचं. बंदोबस्ताला पोलिसाच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या होमगार्डला तर पगारच नसतो, असतो तो कामाच्या दिवसांपुरता भत्ता.

घरबसल्या पगार मिळाला तर माणूस बरा व्हायचं नावच घेणार नाही, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. कॅलिफोर्नियात जखमी पोलिसांना आणि अग्निशामकांना वर्षभरापर्यंत पूर्ण पगार मिळतो, तोही आयकराविना. म्हणजे कामावर असताना पडत नाहीत तेवढे पैसे रजेवर हातात पडतात. त्यावर तिथे टीका झाली, ती रास्तच होती. पण खोट करमाफीत होती, पगार चालू ठेवण्यात नव्हे. लबाडी रोखायला ठरावीक काळाने वैद्यकीय मंडळाची तपासणी पुरे. जमत असेल त्याला नियंत्रण कक्षात बसवावं. उलट हप्त्यांच्या धाकाने लवकर परतलेला, दंडात पुरतं बळ नसलेला फायरमन शिडीवर चढला, तर धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. मग गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराने काय घोडं मारलं? काहीच नाही, बरा होईपर्यंत पूर्ण पगार त्यालाही मिळालाच पाहिजे. वर्दीतल्या माणसापासून सुरुवात करायची ती एवढ्यासाठी, की आगीत किंवा दंगलीत ‘मी जात नाही’ म्हणायची सोय त्याला शिस्तीच्या नियमांनी ठेवलेली नाही. राहिला खर्च. कंत्राटी जखमींचा पूर्ण पगार निविदेतच ठेकेदाराच्या अंगावर टाकला, तर हेल्मेट, बूट आणि दोर चांगल्या प्रतीचे घेणं त्याला स्वस्त पडेल.